अर्थ टिकवायला काय झाकावं लागतं?

नवीन वर्षाच्या आराधनेत अनेक ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये ‘वर्षाचं वचन’ दिलं जातं. कार्डावर छापलेली एक ओळ घरी येते, भिंतीवर लागते, व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर चढते. या कार्डांवर पुन्हा पुन्हा दिसणारी ओळ म्हणजे यिर्मया २९:११, बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या एकोणतिसाव्या अध्यायाचं अकरावं वचन, म्हणजे क्रमांक घातलेली ओळ. माझ्या मनात तुमच्याविषयी हिताचे संकल्प आहेत, अनिष्टाचे नाहीत, असं त्यात परमेश्वर म्हणतो. नोकरी बदलणारा, व्हिसाची वाट पाहणारा, मुलीचं लग्न ठरत नाही म्हणून झुरणारा, प्रत्येकजण ही ओळ आपल्या नावावर करून घेतो आणि ‘मला वचन मिळालं’ म्हणून साक्ष देतो. कार्डावर अकरावं वचन असतं. दहावं नसतं. दहाव्यात लिहिलंय की हे सारं बाबेलात, म्हणजे बॅबिलोनमध्ये, सत्तर वर्षं भरल्यावर होईल.

शास्त्र, म्हणजे बायबल, वाचताना आपण त्यातला अर्थ घेतोय की आपल्याच मनातलं त्याच्या तोंडी घालतोय, हे ओळखायच्या कसोट्या अनेकांनी सांगितल्या आहेत. माझ्या मते सर्वांत भरवशाची कसोटी अगदी साधी आहे. माझा अर्थ उभा राहण्यासाठी आजूबाजूचा किती मजकूर मला झाकावा लागतो? काहीच झाकावं लागत नसेल तर बहुधा मी वाचतोय. आधीचं वचन, नंतरचं वचन, पत्र कुणाला लिहिलंय ते, सगळंच झाकावं लागत असेल तर शास्त्र गप्प आहे आणि बोलतोय तो मी.

यिर्मयाचंच उदाहरण पुरतं पाहू, कारण नेमका हाच प्रश्न त्या प्रकरणांचा विषय आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेतून राजा, सरदार, कारागीर असे लोक धरून बाबेलला नेले. मागे राहिलेल्यांना आणि नेलेल्यांना एकच प्रश्न छळत होता, परत कधी? अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात, याजकांसमोर उभा राहून सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येतील, मंदिरातली लुटलेली पात्रंसुद्धा. लोकांना ऐकायचं होतं तेच तो बोलतो, आणि तेही परमेश्वराच्या नावाने, पक्क्या संदेष्ट्याच्या भाषेत. यिर्मयाच्या मानेवर तेव्हा लाकडी जू होतं. बाबेलची सत्ता काही काळ सोसावी लागेल, हे सांगण्यासाठी तो ते घालून फिरत होता. हनन्या ते जू काढून मोडतो.

यिर्मया यावर काय करतो ते फार कमी जण लक्षात घेतात. तो आधी म्हणतो, ‘आमेन! परमेश्वर असंच करो.’ म्हणजे हनन्याची इच्छा त्याचीही इच्छा आहे. त्यालाही लोक परत यायला हवे आहेत. पण आपल्याला हवं आहे एवढ्यावरून तो ते देवाचं म्हणणं ठरवत नाही. जू मोडल्यावर तो वाद घालत बसत नाही, सरळ निघून जातो. उत्तर त्याला नंतर मिळतं. लाकडी जू मोडलंस, आता लोखंडी येईल. हनन्या त्याच वर्षी, भाकितानंतर दोन महिन्यांत मरतो.

लगेच पुढच्या अध्यायात ते पत्र येतं ज्यातून आपण कार्डावरची ओळ उचलतो. पत्र पहिल्यापासून वाचलं तर त्यातलं सांत्वन कार्डावरच्यापेक्षा वेगळं आणि जास्त कणखर दिसतं. घरं बांधा, राहा. बागा लावा, त्यांची फळं खा. मुलांची लग्नं करा. ज्या शहरात तुम्हांला धरून नेलंय त्या शहराचं भलं पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. आठव्या वचनात तर तुम्ही स्वतःच पाडून घेता त्या स्वप्नांकडे लक्ष देऊ नका, असा इशारा आहे. मग सत्तर वर्षं, आणि मग हिताचे संकल्प. पत्र ऐकणाऱ्या प्रौढ माणसांपैकी बहुतेकांचा मृत्यू बाबेलमध्येच होणार होता. हित होतं ते नातवंडांपर्यंत पोचणारं, आणि ते ज्यांना सांगितलं तो एक अख्खा विस्थापित लोकसमूह होता. त्यात कुणा एकाच्या बढतीचा विषय नाही.

आता गंमत अशी नाही की कार्ड छापणारे वाईट आहेत. दुःख असं आहे की यिर्मयाची ओळ आपण हनन्याच्या अर्थाने वाटतो. ‘लवकरच सगळं ठीक होईल’ हा हनन्याचा संदेश होता. सत्तर वर्षं झाकली की यिर्मयाच्या अक्षरांतून हनन्याच बोलायला लागतो, आणि डिसेंबर उजाडूनही नोकरी लागली नाही की तो तरुण स्वतःच्या विश्वासालाच दोष देतो. त्याच्या हातात पूर्ण पत्र दिलं असतं तर कदाचित त्या वर्षाला जास्त बळ मिळालं असतं. परक्या ठिकाणी घर बांधणं, झाडं लावणं, ज्या गावावर राग आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करणं, हे आजही करता येतं.

हे इतकं सहज का घडतं, त्याचं एक कारण छपाईत आहे. बायबलमधले अध्याय तेराव्या शतकाच्या सुरुवातीला पडले. त्याचं श्रेय सहसा इंग्रज धर्मगुरू स्टीफन लँग्टन यांना दिलं जातं. नव्या कराराची आज चालणारी वचनवार विभागणी पॅरिसचे मुद्रक रोबेर एस्तिएन यांनी १५५१ च्या आवृत्तीत केली. म्हणजे प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात पंधराशे वर्षं ‘४:१३’ असं काही नव्हतं. ते एक सलग पत्र होतं. संदर्भ शोधायला आकडे फारच सोयीचे आहेत, ते काढून टाका असं कुणी म्हणणार नाही. पण आकडा पडला की ओळ सुटी होते, आणि सुटी झालेली ओळ कुठेही बसवता येते. ‘मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्वकाही करण्यास शक्तिमान आहे’ हे वाक्य परीक्षेच्या, सामन्याच्या, निवडणुकीच्या आधी म्हटलं जातं. आधीची दोन वचनं सांगतात की इथे ‘सर्वकाही’ म्हणजे भरल्या पोटी राहणं आणि उपाशी राहणं, दोन्ही. लिहिणारा तुरुंगात आहे. जिंकायचं सामर्थ्य तो मागत नाही. हरलेल्या अवस्थेत न मोडण्याचं सामर्थ्य त्याला मिळालंय, ते तो सांगतोय.

जिथे जिवाशी गाठ पडते असं एक वचन जास्त बारकाईने पाहायला हवं. ‘त्याला बसलेल्या घायांनी तुम्ही निरोगी झाला आहात’ हा आशय १ पेत्र २:२४ मध्ये आहे. आरोग्यसभांमध्ये हे वचन घोषणेसारखं म्हटलं जातं. त्यातून पुढची पायरी अशी येते की निरोगी झालोच आहोत, तर औषध घेणं म्हणजे अविश्वास. क्षयाच्या साध्या प्रकारालाही सहसा सहा महिने गोळ्या लागतात. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, आणि नेमकं तेव्हाच ‘देवाने बरं केलं’ म्हणून गोळ्या थांबवल्या तर उरलेले जंतू औषधाला दाद न देणारे होऊ शकतात. टाइप १ मधुमेहात इन्शुलिन थांबवलं तर काही दिवसांत माणूस अत्यवस्थ होतो. अर्थ लावण्यात झालेली चूक इथे शरीरावर उमटते.

पेत्राचा परिच्छेद अठराव्या वचनापासून सुरू होतो आणि तो घरगुती दासांना उद्देशून आहे. कठोर धन्याकडून विनाकारण मार खाणारी ही माणसं. घाय म्हणजे काय हे त्यांना शब्दकोशातून कळायची गरज नव्हती. त्यांना सांगितलंय की ख्रिस्तानेही विनाकारण मार सोसला, उलट शिवी दिली नाही, आपली पापं स्वतःच्या शरीरावर घेतली, ती यासाठी की आपण पापाला मरून नीतिमत्त्वासाठी जगावं. लगेच पंचविसावं वचन ‘कारण’ म्हणून जोडलेलं आहे. तुम्ही भटकणाऱ्या मेंढरांसारखे होता, आता मेंढपाळाकडे परत आलात. या परिच्छेदात निरोगी होणं म्हणजे भटकणं संपणं. आजारपणाचा उल्लेख मागेही नाही, पुढेही नाही.

पण इथे दुसऱ्या बाजूचाही मजकूर झाकता कामा नये. पेत्र ज्या यशया ५३ चा आधार घेतो, त्याच प्रकरणातलं चौथं वचन मत्तय ८:१७ मध्ये प्रत्यक्ष रोग्यांना बरं करण्याच्या संदर्भात येतं. याकोबाच्या पाचव्या अध्यायात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी असं स्पष्ट आहे. तेव्हा ‘शास्त्राचा शरीराच्या बरेपणाशी संबंधच नाही’ असं म्हणणाराही आपलंच मत वाचतोय. आणि हे सगळं मान्य करूनही आपला सहकारी तीमथ्य याला पोटाच्या तक्रारीसाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगणारा पौल तिथेच आहे, सोबती त्रफिमाला मिलेत शहरात आजारी सोडून आलेला पौल तिथेच आहे, आपल्या शरीरातला काटा काढावा म्हणून तीनदा विनवणी करून नकार ऐकणारा पौलही तिथेच आहे. या सगळ्यांना एकत्र बसवून जो अर्थ उरतो तो असा: प्रार्थना करावी, तेल लावावं, आणि गोळी चुकवू नये. हा अर्थ घोषणेइतका जोरकस वाटत नाही. पण तो टिकवायला काहीही झाकावं लागत नाही.

झाकण्याची गोष्ट शब्दशः खरी झालेलं एक उदाहरण इतिहासात आहे. १८०७ मध्ये लंडनमध्ये ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी बायबलचे निवडक भाग छापले गेले. प्रोटेस्टंट बायबलमध्ये १,१८९ अध्याय असतात. या पुस्तकात २३२ उरले. मिसरातून (इजिप्तमधून) इस्राएली गुलामांच्या सुटकेची कथा गायब. ‘दास नाही आणि स्वतंत्र नाही, तुम्ही सर्व ख्रिस्त येशूत एक आहात’ हे गलतीकर ३:२८ गायब. ‘दासांनो, धन्याच्या आज्ञेत राहा’ मात्र जागेवर. छापणाऱ्यांना शास्त्र कळत नव्हतं असं म्हणता येत नाही. उलट कोणता भाग आपल्याविरुद्ध बोलेल हे त्यांना अचूक कळलं होतं, म्हणूनच कात्री तिथे तिथे लागली.

याच काळात अमेरिकेतले गुलाम निर्गमाची, म्हणजे मिसरातल्या त्याच सुटकेची, कथा आपली मानून गात होते. ते इस्राएली नव्हते, मिसरात नव्हते. मग तेही आपलं मन शास्त्रात घालत होते का? ‘आपल्याशी जोडून वाचणं’ आणि ‘आपलं लादणं’ यांत फरक आहे, तो इथे दिसतो. निर्गमात गुलामांचा आक्रोश देवाच्या कानी पडतो, हे ग्रंथातच आहे. ते दिसण्यासाठी त्यांना एकही पान फाडावं लागलं नाही. आपली परिस्थिती घेऊन शास्त्राकडे जाणं हा दोष नाही. परिस्थिती घेऊन गेल्यामुळे काही गोष्टी जास्त स्पष्ट दिसतात. सुखवस्तू वाचकाला जे वचन नुसतं धार्मिक वाटतं, ते मजुराला मजुरीविषयी वाटतं, आणि याकोब ५:४ मध्ये ते खरोखरच कापणी करणाऱ्यांच्या बुडवलेल्या मजुरीविषयी आहे.

पान न फाडताही झाकता येतं. दक्षिण आफ्रिकेतल्या डच रिफॉर्म्ड चर्चने १९७४ च्या अहवालात वंशांच्या अलग विकासाला शास्त्राचा आधार शोधला. त्यात बाबेलच्या बुरुजाची कथा होती आणि प्रेषितांची कृत्ये १७:२६ होतं. या वचनाच्या उत्तरार्धात देवाने राष्ट्रांच्या वस्तीच्या सीमा ठरवल्याचं म्हटलंय. पूर्वार्धात म्हटलंय की त्याने सर्व राष्ट्रं एकापासून निर्माण केली. एकाच वाक्याच्या अर्ध्या भागावर भिंत उभी केली आणि अर्धा पायाखाली घेतला. त्याच चर्चला १९८६ मध्ये सक्तीच्या वंशभेदाला शास्त्राचा आदेश म्हणता येत नाही, अशी भूमिका घ्यावी लागली. हे काम करणारे लोक हिब्रू-ग्रीक शिकलेले होते, हेही लक्षात ठेवायला हवं. शिक्षणाने झाकाझाक थांबत नाही, कधीकधी ती जास्त सफाईने होते. एकोणिसाव्या शतकातल्या येशूचरित्रांचा आढावा धर्मशास्त्राचे अभ्यासक अल्बर्ट श्वाइट्झर यांनी १९०६ मध्ये घेतला तेव्हा त्यांना हेच आढळलं की प्रत्येक काळाने, प्रत्येक लेखकाने येशूमध्ये स्वतःला उतरवलं होतं. ते सगळे अभ्यासकच होते.

म्हणून ‘सामान्यांनी वाचू नये, पाळक आणि पंडित सांगतील ते ऐकावं’ हा उपाय मला मुळातच मान्य नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं साध्या मराठीत भाषांतर केलं, १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या त्यात गुंतल्या होत्या. ही मेहनत कशासाठी होती? जिला संस्कृतप्रचुर मराठी कळत नाही त्या बाईला स्वतः वाचता यावं म्हणून. काटेकोर अभ्यास आणि सर्वांच्या हाती ग्रंथ, या दोन गोष्टी त्यांनी एकत्र धरल्या. त्या वेगळ्या करण्यात कुणाचं तरी राज्य टिकतं, एवढंच.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. पवित्र आत्मा वाचणाऱ्याशी बोलतो, मग संदर्भ, काळ, लेखक यांचा खटाटोप कशाला? आत्मा बोलतो हे मी मानतो. प्रश्न उरतो तो आपल्या कानाचा. मानसशास्त्रज्ञ निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात श्रद्धावंतांना विचारलं की एखाद्या प्रश्नावर तुमचं मत काय, इतरांचं काय असेल आणि देवाचं काय असेल. देवाचं म्हणून सांगितलेलं मत स्वतःच्या मताला इतर माणसांच्या मतांपेक्षा जास्त जुळणारं निघालं. प्रयोगात माणसाचं स्वतःचं मत थोडं हलवलं की देवाचं म्हणून सांगितलेलं मतही त्याच दिशेने हललं. यावरून देव नाही असं सिद्ध होत नाही. पण आपला स्वतःचा आवाज आपल्याला देवाचा म्हणून किती सहज ऐकू येतो हे मात्र कळतं. आणि ज्या आत्म्याने अकरावं वचन दिलं त्यानेच दहावंही दिलं, असं मानत असू तर दहावं वाचणं हे त्याचंच ऐकणं झालं. अरण्यात येशूची परीक्षा पाहताना सैतानही ९१ व्या स्तोत्रातल्या ओळी म्हणून दाखवतो. येशू त्याला स्तोत्र खोटं आहे असं म्हणत नाही. ‘असंही लिहिलं आहे’ म्हणून ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातलं दुसरं वचन पुढे ठेवतो.

मग घरी किंवा शास्त्राभ्यासात करायचं काय? पहिलं म्हणजे पत्र असेल तर ते एका बैठकीत पूर्ण, मोठ्याने वाचायचं. फिलिप्पैकरांस पत्राला १०४ वचनं आहेत, पाव तासाच्या आसपास होतं. जमल्यास परिच्छेद वहीत आकडे न घालता उतरवून काढायचा. हाताने लिहिताना ‘कारण’, ‘म्हणून’, ‘पण’ हे शब्द नजरेतून सुटत नाहीत, आणि अर्थाचे सांधे तिथेच असतात. मग कोण, कुणाला, कोणत्या अडचणीत बोलतोय हे दोन वाक्यांत लिहायचं. ते लिहिता येत नसेल तर ‘माझ्यासाठी अर्थ’ या पायरीवर जायचं नाही. मजकुराचा प्रकारही पाहायचा. नीतिसूत्रं सर्वसाधारण अनुभव सांगतात, करार करत नाहीत. ‘मुलाला योग्य वळण लाव, म्हातारपणीही तो ते सोडणार नाही’ हे हमीपत्र समजल्यामुळे वाट चुकलेल्या मुलांचे किती आईबाप स्वतःला गुन्हेगार मानत बसतात. हमीपत्राला उत्तर म्हणून निर्दोष असूनही सोसणाऱ्या ईयोबाचं पुस्तक त्याच ग्रंथात ठेवलेलं आहे.

शेवटचा भाग एकट्याने होत नाही. मोठा निर्णय, म्हणजे नोकरी सोडणं, लग्न मोडणं, घर विकून सेवेत जाणं, एका वचनावर घेतला जात असेल तेव्हा तर मुळीच नाही. यिर्मयाच्या बेचाळिसाव्या अध्यायात उरलेसुरले लोक त्याच्याकडे येतात. देव बरं सांगो की वाईट, आम्ही ऐकू, अशी शपथ घेतात. यिर्मया लगेच उत्तर देत नाही. दहा दिवस जातात. उत्तर येतं, मिसरात जाऊ नका, इथेच राहा. लोक म्हणतात, तू खोटं बोलतोस. आणि जातात, यिर्मयालाही सोबत घेऊन. त्यांनी मार्गदर्शन मागितलं तेव्हाच मिसर ठरलेलं होतं. म्हणून असा निर्णय घेऊन कुणी आलं तर पाळकांनी आधी एकच प्रश्न विचारावा: हे वचन उलट सांगत असतं, तर तू थांबला असतास का? आणि किमान दहा दिवस मध्ये जाऊ द्यावेत. त्या काळात तो परिच्छेद अशा दोघा-तिघांसोबत वाचावा ज्यांचा त्या निर्णयात फायदा नाही. त्यातला एक तरी त्या माणसाच्या घरचा असावा ज्याला परिणाम भोगावे लागतील. नवऱ्याला पाचारण, म्हणजे सेवेसाठी देवाचं बोलावणं, झालं असेल तर बायकोला तो परिच्छेद कसा ऐकू येतो, हे तिने सर्वांसमोर, मध्ये न तोडता सांगावं. झाकलेलं वचन बहुधा तिलाच आधी दिसतं.